डोळ्यांनी गवंडीकाम

1987 साली सुपरमॅनने चीनची भिंत डोळ्यांनी बांधून काढली. झालं असं, की न्यूक्लिअर मॅन नावाच्या, सोनेरी केसांच्या आणि महिनोन्‌महिने नखं न कापलेल्या खलनायकाने त्या भिंतीला भगदाड पाडलं. सुपरमॅन आला, हवेत थांबला आणि त्याने भिंतीकडे नुसतं रोखून पाहिलं. डोळ्यांतून किरण निघाले, विटा उडाल्या आणि आपापल्या जागी जाऊन बसल्या. वाळू नाही, चुना नाही, ओळंबा नाही, पुरातत्त्व खात्याचा ना-हरकत दाखला तर नाहीच नाही. आधीच्या तीन चित्रपटांत ही विद्या त्याला येते असं कुणी सांगितलं नव्हतं. पुढेही कुणी तिचं नाव काढलं नाही. डोळ्यांनी गवंडीकाम येणारा माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत चष्मा लावून बातम्या कशाला लिहीत बसतो, हे विचारायची सोय नाही. विचारलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "माणूस उडतो ते चालतं, आणि भिंत बांधली की लगेच शंका?"

हो, लगेच शंका. माणूस उडतो हे ज्याने मनापासून मान्य केलं, तोच चाहता पुढच्या हिशेबाला सगळ्यात काटेकोर असतो. उडण्याला त्याची हरकत नाही. पण मागच्या भागात ज्याला अमुक येत नव्हतं, त्याला या भागात ते कसं यायला लागलं, हे त्याला कळलं पाहिजे. बँकेच्या ऑडिटरला एवढ्या खोलात शिरण्याचा पगार मिळतो. चाहता स्वतः तिकीट काढून, पॉपकॉर्नचे वेगळे पैसे भरून हे काम करतो.

साधा वाईट चित्रपट पचवता येतो. पैसे गेले म्हणायचं, बाहेर येऊन वडापाव खायचा, विसरून जायचं. वाईट दुसऱ्या भागाचं तसं नाही. त्याचा राग यायला आधी पहिल्यावर जीव लावलेला असावा लागतो. म्हणून त्या 'सुपरमॅन 4'चा, म्हणजे 'द क्वेस्ट फॉर पीस'चा, मला राग कमी आणि कळवळा जास्त येतो. तो चित्रपट चांगल्या हेतूने बुडाला. क्रिस्टोफर रीव्हला तिसऱ्या भागानंतर पुन्हा तो निळा पोशाख चढवायचा नव्हता. कथेत त्याचं म्हणणं ऐकून घेऊ असं कबूल केल्यावर तो तयार झाला, आणि म्हणणं होतं अण्वस्त्रबंदीचं. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो, सुपरमॅन संयुक्त राष्ट्रांत जाऊन सांगतो की मी सगळी अण्वस्त्रं नष्ट करणार, आणि सगळे देश उठून टाळ्या वाजवतात. चित्रपटात माणूस उडतो, हे यापुढे किरकोळ वाटतं.

निर्माते होते कॅनन कंपनीचे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस. एका वेळी ढीगभर चित्रपट काढायचे आणि प्रत्येकाला थोडं कमी वाढायचं, ही त्यांची ख्याती. 3 कोटी 60 लाख डॉलरचं ठरलेलं अंदाजपत्रक 1 कोटी 70 लाखांवर आलं. मग न्यूयॉर्कला कोण नेतो? इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावाचं रेल्वे स्थानक संयुक्त राष्ट्रांची इमारत म्हणून उभं केलं गेलं. रीव्हने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलंय: पावसात भिजणारं औद्योगिक वसाहतीसारखं ठिकाण, शंभरेक माणसं, रस्त्यावर गाडी नाही, आणि वातावरणनिर्मितीसाठी सोडलेली डझनभर कबुतरं. ज्याने कुणी ती कबुतरं मागवली, त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. महासत्तांची निःशस्त्रीकरण परिषद दाखवायची आहे, खिशात पैसे नाहीत, तरी माणूस म्हणतो, "कबुतरं तरी सोडा."

उडण्याचे प्रसंगही काटकसरीने चित्रित झाले. सुपरमॅन समोरून थेट कॅमेऱ्याकडे उडत येतो ते एकच दृश्य मागची पार्श्वभूमी बदलून वापरलं आहे. कधी शहर, कधी अवकाश. चेहऱ्यावरचा भाव तोच, बटही तीच. आणि न्यूक्लिअर मॅन जन्मला कशातून? सुपरमॅनच्या एका केसातून. तो केस संग्रहालयात ठेवलेला, त्याला एक अवजड गोळा टांगलेला, केस तुटत नाही हे लोकांना दिसावं म्हणून. सुपरमॅनचा जुना वैरी लेक्स ल्यूथर येतो आणि साध्या मोठ्या कात्रीने तो कापून नेतो. गोळ्याने तुटत नाही, कात्रीने तुटतो! मग इतकी वर्षं कुठला तरी न्हावी त्याची हजामत करतच असणार, आणि खाली पडलेल्या केसांचं काय होत होतं, हे ल्यूथरला जाऊन विचारायचं सुचलं नाही.

न्यूक्लिअर मॅन सूर्यप्रकाशावर चालतो. सावलीत गेला की बंद. आपल्याकडच्या सोलर हीटरचे ग्राहक या पात्राशी लगेच समरस होतील. सुपरमॅन त्याला एका लिफ्टमध्ये कोंडून ती लिफ्ट चंद्रावर नेऊन ठेवतो. लिफ्टच्या दाराला फट राहते, ऊन आत जातं, खलनायक चालू होतो. (लिफ्टचं दार नीट लागत नाही ही तक्रार सोसायटीच्या सभेपुरती असते असा माझा समज होता.) पुढे तो एका तरुणीला नेहमीच्या कपड्यांत अवकाशात घेऊन जातो. ती तिथे व्यवस्थित श्वास घेते. शेवटी सुपरमॅन चंद्र ढकलून सूर्यग्रहण घडवतो, आणि पृथ्वीवर भरती-ओहोटीचं काय झालं याची चौकशी कुणीही करत नाही. चाचणी-खेळानंतर पाऊण तासाच्या आसपास भाग कापला गेला म्हणतात. त्यात या शंकांची उत्तरं असतील अशी आशा मला नाही.

पैसे कमी पडल्यामुळे बुडालेला सुपरहिरोपट हा तसा अपवादच. बाकीचे बुडाले ते पोटभर, अंमळ जास्तच खाऊन.

1992 चा टिम बर्टनचा 'बॅटमॅन रिटर्न्स' हा माझ्या मते त्या काळातला चांगला दुसरा भाग. पण त्यातला पेंग्विन तोंडातून काळं काहीतरी ओघळत कच्चे मासे खायचा, आणि त्याच चित्रपटाची खेळणी मॅकडोनाल्ड्‌सच्या मुलांच्या जेवणाबरोबर वाटली जात होती. पालक खवळले. बर्गरबरोबर आलेलं खेळणं रात्री मुलांना घाबरवू लागलं, तेव्हा स्टुडिओच्या लक्षात आलं की चित्रपट अंधारा झालाय. दिग्दर्शनाची गादी जोएल शुमाकरकडे गेली, आणि 1997 साली 'बॅटमॅन अँड रॉबिन' आला. तो इतका उजळ होता की गॉथम शहरात दिवाळीच दिवाळी.

या चित्रपटात बॅटमॅनच्या रबरी चिलखताला स्तनाग्रं होती. ग्रीक पुतळ्यांवरून ती कल्पना घेतली, असं सांगण्यात आलं. ग्रीक पुतळे हे ऐकून काय म्हणाले असतील ते असो. शिवाय बुटांतून टाचेच्या एका झटक्यात बाहेर येणारे बर्फावरचे स्केट्स होते. संग्रहालयात हाणामारी करताना जमीन गोठेल हे बॅटमॅनला घरून निघताना ठाऊक होतं, इतका तो दूरदर्शी. खलनायक मिस्टर फ्रीझ म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. त्याचं मानधन त्या काळी 2 कोटी 50 लाख डॉलर असल्याचं छापून आलं, आणि बॅटमॅनच्या चित्रपटात पहिलं नाव खलनायकाचं झळकलं. एवढ्या पैशात त्याने थंडी, बर्फ आणि गारठा यांवरचे जेवढे म्हणून विनोद शक्य होते तेवढे केले. आपल्याकडे जानेवारीत नाशिकचा पारा उतरला की वर्तमानपत्रांना जशी मथळ्यांची हुडहुडी भरते, तशी ती दोन तास भरलेली होती.

पण माझं लाडकं दृश्य लिलावाचं. पॉयझन आयव्ही या खलनायिकेवर भाळून बॅटमॅन आणि रॉबिन भर सभागृहात एकमेकांवर बोली चढवतात, आकडा लाखांच्या पुढे जातो, आणि बॅटमॅन पट्ट्यातून स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो. त्यावर वटवाघळाचं चिन्ह, आणि मुदत: कायम. आता हे कार्ड कुठल्या बँकेने दिलं? आपण नुसता पत्ता बदलायला गेलो तर आधार, पॅन, वीजबिल, सगळ्याच्या झेरॉक्स, झेरॉक्सवर सह्या, आणि फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून परत पाठवतात. कान त्याचे दिसतात, हे मान्य. पण बाकीच्या केवायसीचं काय? पत्ता म्हणून 'गुहा' लिहिलं तर पडताळणीला कोण गेलं? आणि मुदत कायम! आपलं कार्ड दर काही वर्षांनी मरतं आणि त्याबरोबर फोनचं, विजेचं, ओटीटीचं सगळं गणगोत पोरकं होतं. गॉथममधल्या गुन्हेगारीचं मूळ मला त्या बँकेत दिसतं.

रॉबिन झालेला क्रिस ओडोनेल नंतर म्हणाला, की आधीच्या भागात मी चित्रपटात काम करतोय असं वाटायचं, या वेळी खेळण्याच्या जाहिरातीत करतोय असं वाटलं. तसंच होतं ते. खेळणीवाल्यांना आधी विचारून गाड्या, पोशाख, हत्यारं ठरत होती. मॅकडोनाल्ड्‌सवर चिडलेल्या पालकांचं ऐकलं, खेळणीवाल्यांचं ऐकलं, अर्नोल्डचं ऐकलं. बॅटमॅनला कुणी विचारलं नाही. पुढची आठ वर्षं, 2005 च्या 'बॅटमॅन बिगिन्स'पर्यंत, तो पडद्यावर आलाच नाही.

या यादीत एक नाव मुद्दाम राहू दिलं: चाहत्यांचं. आपणही मागण्या करतो, आणि त्या पुऱ्या झाल्या की काय होतं याचं उदाहरण म्हणजे 2007 चा 'स्पायडर-मॅन 3'. दिग्दर्शक सॅम रेमीला जुन्या कॉमिक्समधले खलनायक हवे होते, सँडमॅन वगैरे. निर्माता एवी अराडचं म्हणणं पडलं, की पोरांना व्हेनम आवडतो, व्हेनम घ्या. पोरांना आवडत होताच, खोटं काय? मग सँडमॅन आला, व्हेनम आला, आधीच्या दोन भागांतला मित्र हॅरीही दुष्ट होऊन आला. तिघांची सोय लावता लावता 25 कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. व्हेनमचा काळा चिकट पदार्थ कसा आला? पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, आणि त्याची प्रेयसी मेरी जेन बागेत तारे बघत पडलेले असताना उल्का नेमकी त्यांच्या शेजारी पडते आणि पदार्थ पीटरच्या दुचाकीला चिकटून त्याच्या घरी येतो. एवढी मोठी पृथ्वी, आणि त्याने पार्किंग नेमकं शोधलं.

काळा पोशाख चढला की पीटर बिघडतो. बिघडतो म्हणजे केसांची झुलपं डोळ्यांवर घेतो आणि न्यूयॉर्कच्या फुटपाथवर कंबर हलवत, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींकडे बोटं रोखत चालतो. नंतर एका जॅझ क्लबात टेबलावर उडी मारून नाचतो. अमेरिकन चाहत्यांनी हा प्रसंग पाहून कपाळाला हात लावला. आपल्याकडे मात्र नायक दुःखी झाला, बिघडला किंवा नुसता रस्त्याने निघाला तरी नाचतो, त्यामुळे हा चित्रपट आपल्याला परका वाटला नाही. तो भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही डब होऊन आला होता. भोजपुरीत तो नाच उलट जरा आटोपशीरच वाटला असणार.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र हॅरीच्या घरच्या बटलरचा. हॅरीचा बाप पहिल्या भागात, 2002 साली, स्वतःच्याच ग्लायडरच्या पात्याने मेला. हॅरी समजून बसला की स्पायडर-मॅनने मारलं. त्या संशयात त्याने अख्खा दुसरा भाग जळत काढला, तिसऱ्यात बदला घ्यायला निघाला, डोक्याला मार लागून स्मृती गेली, स्मृती परत आली, अर्धा चेहरा भाजला. एवढं सगळं झाल्यावर बटलर शांतपणे सांगतो, की साहेबांची जखम मीच साफ केली होती, ती त्यांच्याच ग्लायडरची होती. अरे गृहस्था! हिंदी सिनेमातले रामूकाका गुपित शेवटच्या रिळापर्यंत पोटात ठेवतात हे आम्ही समजून घेतो, पण त्याच चित्रपटाच्या शेवटच्या रिळापर्यंत. तू तीन चित्रपट कॉफी देत राहिलास. मधल्या काळात एकदा ट्रे ठेवताना म्हणाला असतास, तर व्हेनम आणि सँडमॅनपुरती तरी जागा मोकळी झाली असती.

आता कुणी म्हणेल, मग खलनायक कमी ठेवावेत. तेही खरं नाही. 2021 च्या 'नो वे होम'मध्ये पाच खलनायक आणि तीन स्पायडर-मॅन होते, आणि थिएटरात शिट्ट्यांनी संवाद ऐकू येत नव्हते. तिथेही चाहत्यांच्याच मागण्या पुरवल्या होत्या. अगदी 2014 च्या भागात नायिकेला पडताना वाचवू न शकलेल्या अँड्र्यू गारफिल्डला दुसऱ्या एका पडत्या मुलीला झेलायची संधी दिली. म्हणजे मागणी पुरवली तरी रडतात, आणि पुरवली तरी नाचतात. यावरून स्टुडिओने काय शिकावं? तो बिचारा प्रत्येक वेळी 'आणखी एक भाग काढावा' एवढंच शिकतो.

मराठी चाहत्याला तर स्पायडर-मॅन स्वतःच्या भाषेत बोलताना ऐकायला 2023 उजाडलं. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती, आणि पडद्यावर मुंबॅटन नावाच्या शहरातून लोंबकळणारा देशी स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर होता. दुसरा भाग असूनही उत्तम. फक्त तो ऐन रंगात आल्यावर संपला. पुढचा भाग मार्च 2024 ला येणार होता. ती तारीख टळली. इतक्या वर्षांनी स्पायडर-मॅन मराठी बोलायला लागला आणि वाक्य अर्धवट सोडून गेला.

आपल्या देशी मालात 'क्रिश'चा हिशेब बघण्यासारखा आहे. 'क्रिश' 2006 मध्ये आला आणि त्याच्या पुढचा भाग 2013 मध्ये 'क्रिश 3' या नावाने. 'कोई... मिल गया' हा पहिला धरायचा, असं स्पष्टीकरण आहे. तरी दुसरा भाग गाळून तिसऱ्यावर उडी मारणं ही कल्पना मला थोर वाटते. न काढलेल्या भागाने कुणाची निराशा केल्याची नोंद नाही. त्याच न्यायाने मराठीतल्या 'बाजी'ची कीर्ती शाबूत आहे. श्रेयस तळपदेचा तो मुखवटाधारी नायक 2015 मध्ये एकदाच आला आणि गेला.

एक्स-मेनवाल्यांनी वेगळाच विक्रम केला. डार्क फीनिक्स ही कॉमिक्समधली गाजलेली कथा त्यांनी 2006 च्या 'द लास्ट स्टँड'मध्ये वाया घालवली. दिग्दर्शक ब्रायन सिंगर ही मालिका सोडून 'सुपरमॅन रिटर्न्स' करायला गेला होता. सायक्लॉप्स झालेला जेम्स मार्सडेनही त्याच्या त्या चित्रपटात गेला, आणि इकडे सायक्लॉप्स कॅमेऱ्याआड मरून मोकळा झाला. खलनायक मॅग्नेटोने गोल्डन गेट पूल उचलला तेव्हा लख्ख दिवस होता. पूल टेकला तेव्हा रात्र. चाहत्यांनी इतका आरडाओरडा केला, की पुढे 2014 च्या भागात इतिहासच बदलून ते सगळं घडलंच नाही असं ठरवण्यात आलं. छान झालं. मग 2019 मध्ये तीच फीनिक्स पुन्हा काढली, आणि लेखक कोण? 'लास्ट स्टँड'च्या दोघा लेखकांपैकी एक, सायमन किनबर्ग. या वेळी दिग्दर्शनही त्याचंच. निकाल तोच. परीक्षेला पुन्हा बसताना निदान उत्तरपत्रिका तरी नवी घ्यावी.

'जस्टिस लीग'च्या मिशीबद्दल फार बोलत नाही. त्यात सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या स्टुडिओच्या चित्रपटासाठी मिशी राखली होती, त्या स्टुडिओने ती काढू दिली नाही, म्हणून संगणकावर पुसली. सुपरमॅनचा वरचा ओठ दंतवैद्याकडून नुकताच सुन्न करून आणल्यासारखा दिसू लागला, आणि चित्रपट सुरू होतो तोच त्या ओठापासून. गोळी अडवणारी छाती आहे, पण मिशी पुसली जात नाही. मिशीवाल्यांच्या मुलखात आपल्याला याचं कौतुकच वाटायला हवं.

2024 च्या दुसऱ्या 'जोकर'ने तर चाहत्यांची अडचण थेट कथेतच घेतली. पहिल्याने 100 कोटी डॉलरच्या वर कमावलं, वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळालं. दुसऱ्यात लेडी गागा आली, कोर्ट आलं आणि गाणी आली. अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून घेतल्या जाणाऱ्या सिनेमास्कोरमध्ये 'डी' मिळाला. कथेत जोकर, म्हणजे आर्थर, भर कोर्टात सांगतो की मी जोकर वगैरे कुणी नाही, आणि त्याच्यासाठी जमलेले काही लोक उठून चालू पडतात. पडद्यावरचे कोर्टातून उठले, समोरचे थिएटरमधून.

माफी मागण्यात मात्र ही मंडळी आपल्याकडच्यांपेक्षा बरी. शुमाकरने 'बॅटमॅन अँड रॉबिन'च्या डीव्हीडीवर निराश झालेल्यांची रीतसर माफी मागितली. त्यात बॅटमॅन झालेला जॉर्ज क्लूनी तर इतकी वर्षं मुलाखतीमागून मुलाखतीत माफी मागतोय, की त्या चित्रपटात त्याने जेवढे संवाद म्हटले त्याहून ती जास्त भरेल. आणि एवढं करून 2023 च्या 'द फ्लॅश'च्या शेवटी मिनिटभर ब्रूस वेन होऊन गाडीतून उतरलाच. पण माफीचा खरा मान रायन रेनॉल्ड्‌सकडे जातो. 2009 च्या वूल्व्हरिनच्या चित्रपटात, ज्याची सगळी मिजास अखंड बडबडीवर आहे त्या डेडपूलचं तोंडच शिवून टाकलं होतं. ती भूमिका रेनॉल्ड्‌सचीच. 2018 च्या 'डेडपूल 2'मध्ये तो काळात मागे जातो, त्या तोंड शिवलेल्या स्वतःला गोळ्या घालतो आणि जाता जाता स्वतःच्याच फसलेल्या 'ग्रीन लँटर्न'ची संहिता कौतुकाने वाचत बसलेल्या रायन रेनॉल्ड्‌सलाही उडवतो. इतक्या वर्षांची थकबाकी एका दमात चुकती. अर्थात ही माफी स्वीकारायला दुसऱ्या भागाचं तिकीट काढावं लागत होतं आणि श्रेयनामावली सुरू झाल्यावरही खुर्चीत बसून राहावं लागत होतं. जे गाडी आधी बाहेर काढायला म्हणून पार्किंगकडे धावले, त्यांची माफी राहूनच गेली.